इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनचा रेडिएटर काढून धुतला: नागपूरच्या दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. गाडी चांगली आहे, रोजचे पैसे काढून देते. पण तिचा रेडिएटर कुठे बसवायचा हे ज्याने ठरवलं, त्याने मे महिन्यात एकदा वाडीहून कळमन्यापर्यंत भरल्या गाडीने भर दुपारी जाऊन यावं. गाडीचं नाव टाकत नाही, कारण पुढे लिहिलंय ते कूलंटवर (नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवावर) थंड होणाऱ्या बहुतेक चारचाकी इलेक्ट्रिक मालगाड्यांना लागू पडतं. तीनचाकीवाल्यांनी नाही वाचलं तरी चालेल. त्यातल्या बऱ्याच गाड्या नुसत्या हवेवर थंड होतात.

"इंजिनच नाही तर रेडिएटर कशाला?" हा प्रश्न गोडाऊनवर अजूनही विचारतात. मोटर गरम होते, बॅटरीतला करंट मोटरला लागेल तसा करून देणारा इन्व्हर्टर गरम होतो आणि चार्जिंग लावलं की गाडीतला चार्जरही तापतो. या तिघांची उष्णता कूलंट उचलून आणतं आणि रेडिएटर ती बाहेर टाकतो. बॅटरीचं सर्किट माझ्या गाडीत वेगळं आहे. ते एसीच्या गॅसवर थंड होतं आणि त्या गॅसचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच, दोन बोटांच्या अंतरावर उभा आहे. ही दोन बोटांची फट लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथेच आहे.

आता थोडं गणित. डिझेल गाडीचं कूलंट ९० अंशांच्या आसपास चालतं. बाहेर ४५ असलं तरी कूलंट आणि हवा यांच्यात ४५ अंशांचा फरक उरतो. इलेक्ट्रिक गाडीत इन्व्हर्टरला जपायचं म्हणून कूलंट साधारण ६० ते ६५ च्या वर जाऊ देत नाहीत. बाहेर तेच ४५ धरलं, तर फरक उरतो १५ ते २० अंशांचा. उष्णता बाहेर जाते ती या फरकाच्या जोरावर. इलेक्ट्रिक गाडीत मुळात उष्णता कमी तयार होते हे खरं, पण म्हणून रेडिएटरही लहान देतात. डिझेल गाडीची जाळी थोडीफार चोक झाली तरी ती निभावून नेते. इथे तेवढी सवड नाही.

आणि ४५ ही हवामान खात्याची, सावलीतली नोंद. बंपरच्या उंचीवर, तापलेल्या सिमेंट रोडवरची हवा त्याहून गरम असते. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ ची नोंद झाली आहे. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, ते मोजू नका. सेन्सर बिघडला होता. तरी त्या दिवशी घराबाहेर असलेल्या कुणालाही ते खोटं वाटलं नाही.)

पहिला उन्हाळा विनातक्रार गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या मध्यापासून, लक्षणं दिसू लागली. सुरुवात पंख्यापासून झाली. सकाळी दहालाच तो पूर्ण वेगाने घोंगावायचा आणि चावी काढल्यावरही बराच वेळ थांबत नव्हता. मग दुपारी चार्जिंगला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. शेवटी पारडीच्या पुलावर भरली गाडी चढताना डॅशवर कासवाचं चिन्ह पेटलं आणि पिकअप निम्म्यावर आला. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय आणि आपण कासव. गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते, यात बिघाड असा काही नसतो, पण माल वेळेवर पोचत नाही तो नाहीच.

सर्व्हिस सेंटरवर लॅपटॉप लावून पाहिलं. एरर काही नाही, पंप ठीक, कूलंटची पातळी ठीक. "नागपूरचा उन्हाळा आहे सर," असं सांगून बिल दिलं. समोरून टॉर्च मारली तर जाळी खरंच स्वच्छ दिसत होती.

हिंगणा रोडवरचा एक मिस्त्री इलेक्ट्रिक गाड्यांचं रीतसर ट्रेनिंग घेतलेला आहे. त्याने समोरून पाहिलंच नाही. खाली झोपला, बाजूच्या फटीतून मोबाईलचा कॅमेरा आत घातला आणि म्हणाला, "भाऊ, समोरून चकाचक दिसून राहिली, पण मधात पाहा ना. कचराच कचरा." कंडेन्सरमधून पार झालेली बारीक धूळ आणि सावरीचा कापूस रेडिएटरच्या तोंडाशी अडकून बसला होता. ही फट ना समोरून दिसते, ना मागून. मागे पंखा आणि त्याचं कव्हर आहे. म्हणजे धुवायचं तर रेडिएटर बाहेर काढणं आलंच.

काढण्याआधीची तयारी मला सगळ्यात आवडली. चार्जिंगची केबल काढली आणि चावी मला दूर नेऊन ठेवायला सांगितली. "बंद गाडीतही पंखा फिरते, बोट जाईल." मग १२ व्होल्टच्या बॅटरीची मायनस वायर सोडली, हातमोजे घालून हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा करंट तोडणारा) ओढून स्वतःच्या खिशात टाकला आणि चहा मागवला. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरायला वेळ द्यावा लागतो. चहानंतर मीटर लावून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री केली. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरला हात लावणारा माणूस एवढं करत नसेल, तर तिथून गाडी परत आणा. घरी यूट्यूब पाहून हे काम करू नका, असं मी एरवी कुणाला सांगत नाही, इथे सांगतो.

पुढचं काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. बंपर, खालचं गार्ड, मग खालच्या होजखाली ट्रे. निघालेलं कूलंट त्याने मोजून ठेवलं, म्हणजे परत भरताना किती गेलं ते कळतं. होजच्या स्प्रिंग क्लिपा पक्कडीने मागे सरकवल्या. होज चिकटलेला असला की पेचकस घालून उचकटायची अनेकांना सवय असते. रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, नळीचं तोंड तिथेच तडकतं. होज हाताने हळूहळू फिरवून मोकळा करायचा. कंडेन्सरचे बोल्ट काढून तो फक्त पुढे कलवला. त्याचे पाईप सोडले असते तर एसीचा गॅस गेला असता आणि खर्च दुप्पट झाला असता. रेडिएटर खाली दोन रबरी बुशांवर बसतो. ते बुश तिथेच चिकटून राहतात किंवा गडगडत जातात, तेवढे शोधून ठेवा.

रेडिएटर बाहेर आला तेव्हा खालचा अर्धा भाग राखाडी झाला होता. आठवड्यातून काही फेऱ्या खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राकडे असतात, तिकडची राख. राखेवर थेट पाणी मारलं तर तिचा लगदा होऊन वाळला की घट्ट बसतो, म्हणून आधी कोरडा मऊ ब्रश. ब्रश फिरवताच मिस्त्रीला शिंका सुरू झाल्या आणि थांबेचनात. कळमन्याच्या मिरची बाजारातून मी भर हंगामात रोज जातो, ती लाल भुकटी सावरीच्या कापसात मुरून बसलेली. नंतर साध्या नळाच्या धारेने मागच्या बाजूने पुढे धुतलं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर. जेट अजिबात नाही. वॉशिंग सेंटरच्या जेटने खालच्या कोपऱ्यातल्या पात्या आधीच आडव्या झाल्या होत्या, त्या बारीक कंगव्याने सरळ केल्या. नागपुरात कुलरच्या ताट्या दरवर्षी न सांगता बदलणारी माणसं गाडीच्या जाळीकडे मात्र ढुंकून पाहत नाहीत.

शेजारच्या जुन्या रेडिएटरवाल्याने कॉस्टिकच्या टाकीत बुडवून देण्याची तयारी दाखवली. पितळी रेडिएटरच्या काळात तो धंदा ठीक होता. टाक्या खोलून सळई घालायचे, परत झाळायचे. आताचा कोअर (नळ्या-पात्यांची आतली जाळी) ॲल्युमिनियमचा, कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं.

कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा, रंगावर जाऊ नका. हिरवं-हिरवं एकच असतं असं नाही. प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. मी तयार मिश्रणाचा डबा घेतला. बोअरचं पाणी तर नकोच, आपल्याकडे बादलीला पांढरा थर धरतो तो आत नळ्यांतही धरेल. जुनं कूलंट नालीत ओतू देऊ नका. चवीला ते गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. मी ते डब्यात भरून वापरलेलं ऑइल नेणाऱ्याला दिलं.

सगळ्यात जास्त वेळ एअर काढण्यात गेला. या गाडीत मोटर मागे आणि रेडिएटर पुढे, मधात चेसिसच्या बाजूने लांब होज. हवा त्यात अडकून बसते. पंप विजेवर चालतो, तो लॅपटॉपवरून सुरू करून ठेवायचा, टाकीत गुळगुळ आवाज येत राहतो, पातळी उतरते, पुन्हा भरायचं. आवाज थांबला म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलेली पातळी मी सकाळी थंड गाडीत पाहून भरली. एवढं सगळं करून मजुरी आणि कूलंट मिळून खर्च एका दिवसाच्या भाड्याच्या आत राहिला, गाडी मात्र पूर्ण दिवस उभी होती.

त्यानंतर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते रणरणते नऊ दिवस, याच गाडीने काढला. कासव अधूनमधून डोकावलं, पण भर दोनच्या उन्हात, ओव्हरलोडवर आणि एसी फुल असतानाच. पारडीचा पूल आणि कामठी रोडचा डबलडेकर उड्डाणपूल नेहमीच्या वजनात बिनबोभाट चढते. पंखा दुपारी अजूनही ओरडतो, ते त्याचं कामच आहे. सकाळी मात्र शांत असतो. रेंज वाढेल असं मला एकाने सांगितलं होतं. वाढली नाही, निदान मला जाणवेल इतकी नाही. रेंज तुमच्या उजव्या पायावर आणि वजनावर आहे.

एक बदल फुकटात झाला आणि त्याचा फरक मोठा पडला. गोडाऊनवर चार्जिंग लावताना गाडीचं नाक टिनाच्या भिंतीला टेकवून उभी करायचो, केबल पुरते म्हणून. पंखा सोडतो ती गरम हवा भिंतीशी कोंडून पुन्हा जाळीतच यायची. आता लांब एक्स्टेंशन न वापरता चार्जिंगचा पॉइंटच सरकवून घेतला आणि नाक मोकळ्याकडे ठेवतो. दुपारी फेरी संपली की अर्धा तास सावलीत थांबून मग लावतो. मोठं चार्जिंग रात्री.

घेणाऱ्यांनी शोरूममध्ये एकच विचारावं: कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा न खोलता साफ करता येते का? माझ्या गाडीत येत नाही, त्यासाठी पाचपैकी एक तारा कापला. आणखी अर्धा कापला तो सर्व्हिस शेड्यूलसाठी, कारण त्यात कूलंट बदलायचा हिशेब आहे, जाळी धुण्याचा उल्लेख नाही. शहरात कुरिअर टाकणाऱ्याला दोन वर्षांत एकदा पुरेल. राख, भुसा, मिरचीच्या वाटेवर चालणाऱ्याने दरवर्षी होळीच्या आत करून घ्यावं.

सध्या पावसाळ्यात गाडीला काही त्रास नाही. खालच्या होजच्या जोडावर मात्र वाळलेल्या कूलंटचा पुसट डाग दिसू लागलाय. क्लिप जुनीच लावली होती. पोळ्यानंतर काम हलकं झालं की नवी टाकून घेतो.