बचत गटाचे लिंबाचे पदार्थ: लोणचे उत्तम, लेप जपून
अकोल्याकडच्या आमच्या आठवडी बाजारात एका महिला बचत गटाकडून घेतलेले कागदी लिंबाचे गोड लोणचे फारच आवडले. साल पूर्ण मुरून मऊ झालेली, पाक दाट आणि कडवटपणा नावालाही नाही, त्यामुळे ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरे काही लागत नाही. सरबताचा अर्क मात्र उकळलेला असल्याने त्यात उष्णतेने घटणारे क जीवनसत्त्व कितपत उरते, ही शंकाच आहे. त्यापेक्षा वरणावर ताजे लिंबू पिळावे, म्हणजे डाळीतील लोहही अंगी लागते. सालीच्या पावडरीचा लेप चेहऱ्याला लावण्यास सुचवतात, परंतु लिंबाचा अंश त्वचेवर राहून ऊन लागल्यास फोड येऊन काळे डाग पडू शकतात, आणि विदर्भातल्या उन्हात विकल्या जाणाऱ्या डबीवर तशी सूचना नसावी, हे खटकते.