बॅटरी पाव युनिटची, गाडी साडेतीन टन ओढायची : हायलक्स ४८ व्होल्ट

आधीच सांगून टाकतो, माझी ही टोयोटा हायलक्स पिकअप नुसत्या बॅटरीवर एक फूटसुद्धा सरकत नाही. तासगावहून दादाचा पहिला प्रश्न तोच होता, "हायब्रिड घेतलीस म्हणे, करंटवर किती पळते?" शून्य, म्हटलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मग ज्यादा पैसे कशाचे दिलेस रे?" त्याला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराजवळच्या एका द्राक्षबागेत सुपरवायझर आहे. मरे नदीच्या पाण्यावर उभा राहिलेला हा सनरेशियाचा पट्टा म्हणजे इथलं तासगाव-नाशिक समजा. आपल्याकडं बेदाण्याला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी लावतात ना, ती रीत इकडूनच तिकडं गेलेली. बाकी मग सगळं उलटं. आपल्याकडं छाटणी ऑक्टोबरात, इथं हिवाळ्यात म्हणजे जून-जुलैत; आणि माल चालू होतो तो जानेवारीपासून, भर उन्हाळ्यात.

गाडी टोयोटा हायलक्स, एसआर-फाइव्ह हे वरचं मॉडेल, डबल कॅब, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, २०२४ चं मॉडेल. इंजिन जुनंच, २.८ लिटरचं डिझेल, १५० किलोवॅट आणि ५०० न्यूटन-मीटर. हेच इंजिन आपल्याकडच्या फॉर्च्युनरमध्ये बसतं. तिकडं ज्या इंजिनावर पंचायत समितीपासून विधानसभेपर्यंतचं राजकारण फिरतं, ते इथं सकाळी साडेपाचला मजुरांच्या पाण्याचे ड्रम वाहतं.

आता हे ४८ व्होल्ट काय प्रकरण आहे? साध्या गाडीत बेल्टवर डायनॅमो फिरतो आणि बॅटरी चार्ज करतो. इथं त्या कामाला जरा दांडगं यंत्र बसवलंय, जनरेटरही तेच आणि मोटरही तेच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकांच्या जोरावर ते वीज तयार करतं. पुन्हा पाय दिला की तीच वीज वापरून बेल्टवाटे इंजिनाला हात देतं, जास्तीत जास्त ६५ न्यूटन-मीटरचा. वीज साठते मागच्या सीटखालच्या लिथियम बॅटरीत. तिचं वजन साडेसात किलोच्या आसपास आणि मावणारी वीज पाव युनिटसुद्धा नाही. घरातला पंखा तेवढ्यावर तीन तास चालेल न चालेल. दोन टनांची गाडी त्यावर पळणार कशी? बेल्ट एरवी फक्त ओढला जातो. इथं तो कधी ओढतो, कधी ओढला जातो, म्हणून त्याचा टेन्शनरसुद्धा दोन हातांचा केलाय. बॉनेट उघडून दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणजे डायनॅमोला बढती मिळाली." कंपनीच्या पत्रकात चार पानं आहेत, त्यात याहून जास्त काही नाही.

ही यंत्रणा मी हौसेनं मागून घेतलेली नाही. एसआर-फाइव्ह ऑटोमॅटिक हवी म्हटलं की ४८ व्होल्ट पदरात पडतंच. साधं इंजिन पाहिजे तर हाताच्या गिअरची घ्या. विकणारा पोरगा मात्र वाक्यागणिक हायब्रिड म्हणत होता आणि डिझेलमध्ये वाचणाऱ्या पैशांचे आकडे कॅल्क्युलेटरवर टाकून दाखवत होता. त्याचा हिशेब त्याच्यापाशी. माझा असा : कंपनी म्हणते बचत दहा टक्क्यांपर्यंत, आणि कागदावरचं ॲव्हरेज शंभर किलोमीटरला सात लिटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला चौदाच्या आसपास. माझ्या गाडीला पुढं स्टीलचा बुलबार, वर रॅक, मागं ट्रेलर जोडायचा टोबार आणि हौद्यात कायम काहीतरी असतंच. एवढा संसार लादल्यावर मला लिटरला साडेअकरा-बारा पडतं. ते मला मान्य आहे, कारण वाऱ्याच्या तोंडावर लोखंडी दार धरून धावायचं मीच ठरवलंय. पण वर्षाला वीस हजार किलोमीटर धरले आणि शंभराला अगदी पाऊण लिटर वाचला, तरी झाले दीडशे लिटर. इथल्या डिझेलच्या भावानं तेवढ्यात दोन चांगले टायरही येत नाहीत. बचतीसाठी म्हणून ही गाडी कुणी घेत असेल तर त्याला बसवून चहा पाजावा आणि परत पाठवावा.

मग मला ती आवडते कशामुळं?

डीकिन ॲव्हेन्यू आणि फिफ्टीन्थ स्ट्रीटचा सिग्नल हा आमच्या गावातला त्यातल्या त्यात मोठा. लाल दिवा लागतो, ब्रेकवर पाय, आणि काटा शून्यावर येतो. डिझेल गाडीची ती अंगात भिनलेली थरथर एकदम थांबते, इंडिकेटरची टकटक ऐकू यायला लागते. ब्रेकवरचा पाय सैल केला की इंजिन चालू झालेलं असतं. सेल्फ मारल्याचा तो खर्रर्र आवाज नाही, गचका नाही. मी आधी दुसऱ्या एका कंपनीचा डिझेल पिकअप वापरायचो, त्यातही सिग्नलला इंजिन बंद व्हायची सोय होती, पण चालू होताना गाडी अशी हिसका द्यायची की मागं झोपलेलं पोरगं दचकून उठायचं. शेवटी चावी फिरवल्याबरोबर ते बटण बंद करायची सवयच लागली होती. इथं ते बटण कुठं आहे हे मला बघावं लागतं.

खरा उपयोग बागेत. आमच्या ओळी लांबच लांब. माल चालू असला की मी एका ओळीच्या तोंडाशी थांबतो, मजुरांशी बोलतो, साखर बघतो, पंधरा पावलं पुढं जातो, पुन्हा थांबतो. बहुतेक मजूर टोंगा आणि व्हानुआटूचे, हंगामी योजनेवर आलेले. गाडी मागं येऊन उभी राहिली तरी कळत नाही म्हणून त्यांनी तिचं नाव 'भूत' ठेवलंय. या रांगत्या चालीत ४८ व्होल्टची मजा आहे. इंजिनाचं आयडलिंग ७२० फेऱ्यांवरून ६०० वर आणलंय, कारण खालच्या फेऱ्यांवर दम कमी पडला तर मोटर आहे हात द्यायला. सगळ्यात हळू गिअरच्या लो रेंजमध्ये टाकून लाल वाळूत सोडली की गाडी मुंगीच्या पावलानं जाते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. मॅलीचा हा मुलूख म्हणजे वाळू, वाळू आणि मध्येच कॅनॉलच्या गळतीचा चिखल. बेल्टवरचं ते यंत्र इंजिनाच्या वरच्या अंगाला बसवलंय आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची जुनी मुभा कायम आहे, म्हणून पाण्यात घालताना मी फारसा विचार करत नाही.

उन्हाळ्यात हे सगळं कौतुक गुंडाळून ठेवायचं. जानेवारीत इथं ४४-४५ अंश म्हणजे नवल नाही. एसी पूर्ण सोडलेला असेल तर इंजिन बंद होत नाही, ते होणारही नाही, कारण कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. बहुतेक माइल्ड हायब्रिडची, म्हणजे मोटर नुसता हात देते अशा गाड्यांची, हीच गत. म्हणजे ज्या महिन्यांत मी सगळ्यात जास्त थांबत-चालत असतो, नेमक्या त्याच महिन्यांत थांबण्याचा फायदा मिळत नाही. जूनमध्ये छाटणीच्या वेळी, हाताची बोटं वाकत नाहीत अशा थंडीत, गाडी मात्र अगदी हुशारीनं बंद-चालू होत राहते.

हायवेला तर काहीच नाही. मेलबर्न इथून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. उयेन, सी लेक, मग वायचप्रूफ, जिथं गावच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत. रस्ता इतका सरळ की स्टिअरिंग धरलंय याची आठवण राहत नाही. शंभरच्या ठरल्या वेगानं जाणाऱ्या गाडीला ना ब्रेक लागतो ना पुन्हा जोर. मग वीज तयार होणार कधी आणि खर्च होणार कधी? ८० लिटरची टाकी असल्यामुळं मेलबर्न गाठेपर्यंत डिझेलची चिंता नाही एवढंच. ॲडलेडकडे निघालो तर स्टर्ट हायवेवर हद्द ओलांडल्यावर याम्बाचा फळनाका लागतो. फळमाशी पसरू नये म्हणून साउथ ऑस्ट्रेलियात फळं नेता येत नाहीत. आयुष्य द्राक्षांत गेलेला माणूस, हौद्यात एक घडसुद्धा नाही, आणि तिथला अधिकारी सौ.च्या डब्यातलं लिंबू काढून घेतो. त्या रांगेत गाडी गपचूप बंद होऊन उभी राहते, तेवढाच त्या प्रवासातला हायब्रिडपणा.

ओढण्याचं म्हणाल तर साडेतीन टनांचा ट्रेलर ओढायची कायदेशीर परवानगी आहे, आणि त्यात ४८ व्होल्टमुळं एक किलोही कमी झालेला नाही. मी सहसा दोन टनांच्या आत असतो. ट्रेलर जोडून चढावर उभं राहिलो आणि पुन्हा निघालो की फरक कळतो. टर्बो भरायच्या आधीचा जो अर्धा क्षण डिझेल गाडी विचार करते, तो इथं नाही. एकदा चाल पकडली की मात्र सगळं काम डिझेलचं. लांब चढाला ती पाव युनिट वीज केव्हाच संपते, आणि संपली हे ड्रायव्हरला कळतही नाही. ट्रेलर लावून ॲव्हरेज लिटरला आठवर येतं. तिथं हायब्रिड, साधी, सगळ्या सारख्याच.

वायरिंगबद्दल एक गोष्ट, कारण इथं प्रत्येक जण गाडीला काहीतरी जोडतोच. फ्रिज, ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ, कांगारू दिसावेत म्हणून मोठे दिवे. १२ व्होल्टची बॅटरी पुढं नेहमीच्याच जागी आहे, पण तिला वीज मिळते ती ४८ व्होल्टवरून उतरवून, कन्व्हर्टरमार्फत. त्यामुळं जुन्या गाडीवरची जोडणी उचलून इथं लावू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी सांगा की ही ४८ ची आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. ६० व्होल्टच्या आतलं असल्यानं मोठ्या हायब्रिडसारख्या त्या नारिंगी, हात लावायला बंदी असलेल्या केबल्स इथं नाहीत. आमच्या गावचा मिस्त्री खऱ्या हायब्रिडचं बॉनेट उघडायला कां-कूं करतो, हिला बिनधास्त हात घालतो.

बाकी ती पिकअपच आहे. मागं पाटे असल्यामुळं रिकामी असली की उडते, आणि सौ. मागच्या सीटवर बसायला तयार नसते. ती पुढं, पोरगं मागं, अशी वाटणी झाली आहे. हौद्यात चार-पाचशे किलो टाकले की हीच गाडी शहाण्यासारखी बसते. आतला स्क्रीन बरा, सीट उत्तम, आवाज नव्या रेंजरपेक्षा जास्त. फोर्ड रेंजरनं २०२३ मध्ये हायलक्सचा खपातला पहिला नंबर काढून घेतला तो उगीच नाही. घरच्या माणसांना विचाराल तर ते रेंजरकडंच बोट दाखवतील. सर्व्हिस दर सहा महिन्यांनी किंवा दहा हजार किलोमीटरला, हे मला जास्तच वाटतं. त्यातली एक माझ्या नशिबी ऐन हंगामात येते, आणि त्या दिवशी मालकाची मोडकी गाडी घेऊन बागेत फिरावं लागतं. वॉरंटी पाच वर्षं, किलोमीटरची अट नाही, ही जमेची बाजू.

पुन्हा घ्यायची झाली तर एसआर-फाइव्ह ऑटोमॅटिकच घेईन. ४८ व्होल्ट तिच्यात येतंच म्हणून ठीक. पण खालच्या मॉडेलवर ते वेगळे पैसे मोजून बसवून घ्या असं कुणी म्हणालं, तर त्या पैशांत चांगला टोबार, ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर आणि दणकट टायर घेईन.

हे सगळं दादाला लिहून पाठवलं, आणि आता सांगलीचा चुलतभाऊ मागं लागलाय. २०२५ च्या जूनमध्ये भारतात फॉर्च्युनर याच यंत्रणेसह 'निओ ड्राइव्ह' नावानं आली, ती घ्यावी का म्हणून. त्याला म्हटलं, बाबा, पावसाळ्यात शोरूमवाला फिरवून आणेल त्यावर जाऊ नकोस. मे महिन्यात, दुपारी एकला, घरची पाच माणसं भरून, एसी फुल सोडून मिरज रोडच्या गर्दीत ने. तेव्हा सिग्नलला इंजिन किती वेळा बंद होतं ते बघ, आणि मग चेक फाड.