मालिशीला हात चांगला, अंघोळ मात्र बदलून घ्या

विजापूर रोड आणि जुळे सोलापूर भागात घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं तेल-पाणी करणाऱ्या मावशींच्या सेवेबद्दल हे लिहितोय.

आधी जमेची बाजू. मावशी बांगड्या-अंगठ्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊनच बाळाला हात लावतात. पाजून किती वेळ झाला ते विचारतात आणि अर्धा-पाऊण तास झाला नसेल तर थांबतात. भरल्या पोटावर हात फिरला की बाळ दूध टाकतं. सुरुवात पायांपासून, कारण तिथला स्पर्श बाळाला लवकर मानवतो. मांडीपासून घोट्यापर्यंत, मग तळवे. पोटावर हात बाळाच्या उजव्या कुशीकडून डाव्या कुशीकडे गोल फिरतो, मोठं आतडं त्याच दिशेने जातं म्हणून. नाळ पडून बेंबी कोरडी होईपर्यंत पोट सोडूनच देतात, हे विशेष. शेवटी छाती, हात, पाठ. दाब इतकाच की कातडी हलते, पण लाल होत नाही. दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात, बाळ रडायला लागलं तर त्याआधीच.

तेल मात्र आपलं द्या. त्यांच्या बाटलीतलं लाल, वासाचं तेल नाजूक कातडीला नको. मोहरीचंही नको, त्याने पुरळ उठतं. साधं खोबरेल एक-दोन चहाचे चमचे सगळ्या अंगाला पुरतं. टाळूवर वाटीभर तेल जिरवण्याचा आग्रह असतो. टाळू दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते. तेल साचलं की खवले धरतात, एवढंच.

खरी गडबड न्हाणीघरात. मावशी पाटावर पाय पसरून बाळाला नडगीवर घेतात, ती पकड उत्तम. पण पाणी कढत असतं, आणि तांब्या थेट डोक्यावर. पाणी कोपराला कोमट लागलं पाहिजे, साधारण ३७ अंश. डाळीच्या पिठाने लव घासून काढू देऊ नका, ती आपोआप गळते. नाका-कानात तेल सोडणं तर कटाक्षाने बंद. नाकातलं तेल श्वासावाटे फुफ्फुसात उतरलं तर न्युमोनिया होऊ शकतो. छातीच्या गाठी पिळून ‘दूध काढणं’ही तसंच. आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज आपली आपण जाते, पिळली तर पिकते. पाय धरून उलटं करणं आणि पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळणं, दोन्ही नको. खुबा निसटू शकतो. पाय बेडकासारखे दुमडलेलेच राहू द्या. धुरी आणि काजळ सरळ नाही म्हणून सांगा. मावशी आधी कुरकुरतात, पण ऐकतात.

पुसायला आपला सोलापुरी टॉवेल झकास, पण नवा कोरा असेल तर दोनदा धुऊन घ्या, नाहीतर काखेत-मानेत धागे अडकतात. तिथल्या घड्या नीट कोरड्या केल्या की पावडरीची गरजच नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरची वेळ मागा. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बाळाला उकडवण्याची पद्धत आपल्याकडच्या उन्हाळ्यात अजिबात चालणार नाही. थेट वारा नको, इतकं पुरे. नळाला रोज पाणी येत नसेल, तर बाळाची स्वच्छ बादली झाकून वेगळी ठेवा.

‘मालिशीने हाडं बळकट होतात, डोकं गोल होतं’ हे सेवेवाल्यांचं बोलणं ऐकून सोडून द्या. बाळ शांत होतं, बऱ्याचदा झोपही चांगली लागते, त्यासाठी पैसे वसूल आहेत. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, चुकवू नका.

बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं असेल किंवा वजन अडीच किलोच्या आत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोलावूच नका. एक हात कमी हलत असेल, तर आधी गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड तपासून घ्या. अवघड बाळंतपणात ते मोडू शकतं, आणि मावशींच्या हाताला ते कळेलच असं नाही. लस दिलेल्या दिवशी यायचं ठरलेलं असलं तरी सुट्टी द्या आणि टोचलेली जागा चोळू देऊ नका.