टाकीची सावली आणि सहा पॅनेलं: सिरीज की पॅरलल?

मे महिन्यात सोलर पॅनेलांसाठी गच्ची बघायला आलेला माणूस ‘सावली नाही’ असं लिहून जातो, आणि तो खोटंही बोलत नसतो. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तीच गच्ची डिसेंबरात दुपारी साडेतीनला बघा. दोन मीटर उंच टाकीची सावली साडेतीन मीटरच्या आसपास, ईशान्येकडे गेलेली असते. पॅनेल तिच्यात सापडणारच असेल, तर जोडणीचा विचार आधी करावा लागतो.

हिशेबाला ५४० वॉटची सहा पॅनेलं धरू. प्रत्येकी साधारण ४१ व्होल्ट, १३ अँपिअर. सगळी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक साखळीत, जोडली तर व्होल्टची बेरीज होते: २४६ व्होल्ट आणि १३ अँपिअर. सगळी पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी समांतर, तर अँपिअरची: ४१ व्होल्ट आणि ७८ अँपिअर.

‘सिरीजमध्ये एकावर सावली पडली की सगळी बंद’ हे दिवाळीच्या जुन्या माळेवरचं गणित झालं. पॅनेलच्या पाठीमागे बहुधा तीन बायपास डायोड असतात, एकेक डायोड एकेका तिसऱ्या हिश्श्याला. सावलीतला हिस्सा अडला की त्याचा डायोड करंटला बाजूने वाट देतो. टाकीने अख्खं पॅनेल झाकलं तरी उरलेली पाच सुमारे २,७०० वॉट देतात. पॅरललमध्येही जवळपास तेवढेच! आणि पाइपाची बारीक सावली पॅनेलच्या लांबीला धरून पडली, तर सिरीजच सरस. तिथे त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा जातो. पॅरललमध्ये बाकीच्यांनी व्होल्टेज ४१ वर धरून ठेवल्यामुळे ते पॅनेल जवळपास लुळंच पडतं. अट एकच: इन्व्हर्टरला (पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राला) सावलीतला खरा कमाल बिंदू, म्हणजे सगळ्यात जास्त वॉट मिळतात ते व्होल्टेज, शोधता यायला हवा. काहींमध्ये त्याची सेटिंग असते, पण ती बंदच राहिलेली असते.

खरी फसगत मधल्या मार्गात आहे. तीन-तीनच्या दोन स्ट्रिंग (सिरीजमधल्या माळा) करून त्या पॅरलल जोडल्या आणि एक पॅनेल झाकलं गेलं, की त्या स्ट्रिंगकडे ८२ व्होल्ट उरतात, शेजारची १२३ वर. दोघींना एकाच व्होल्टेजवर चालावं लागतं, म्हणून एकूण २,२०० वॉटच्या आसपासच हाती येतं. दोन स्ट्रिंग करायच्याच असतील तर इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी (तो कमाल बिंदू शोधणारे भाग) हवेत, आणि सावलीतली पॅनेलं एकाच स्ट्रिंगमध्ये.

मग पॅरलल कुठे? आंब्याची कवडशांची सावली सगळ्याच पॅनेलांवर कमी-जास्त पडते, तिथे. शेतघरातल्या २४ व्होल्ट बॅटरीवरच्या दोन पॅनेलांनाही ते शोभतं. पण सहा पॅनेलांच्या ७८ अँपिअरला जाड केबल लागते. तीच वायर ठेवली तर वायरीतलं नुकसान ३६ पट. शिवाय प्रत्येक पॅनेलला फ्यूज हवा, आणि घरगुती ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) स्ट्रिंग इन्व्हर्टर ४१ व्होल्टवर बहुधा सुरूच होत नाही. अशा झाडाखाली मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलागणिक बसणारा छोटा इन्व्हर्टर) महाग पडला तरी मी तोच घेईन.

टाकी किंवा जिन्याच्या खोलीची सावली असेल, तर सहाची एकच सिरीज. कठड्याची सावली खालच्या कडेला येत असेल, तर जोडणीला हात लावण्याआधी पॅनेल आडवं, म्हणजे लांब बाजू खाली, करून बघा: उभ्या पॅनेलमध्ये ती तिन्ही हिस्से पकडते, आडव्यात एकच.