तीन पोर्टांचं कार्ड आणि दोनच स्क्रीन

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातून मॉनिटरला चित्र पाठवणारं कार्ड, विकताना दुकानदार जर म्हणाला, "आमच्या सीडीतलाच ड्रायव्हर टाका, नेटवरून अपडेट करू नका," तर पैसे न देता दुकानातून बाहेर पडा. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाक्य तरी लक्षात ठेवा. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजमध्ये ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर.) माझ्याकडून कार्ड आणि त्यामागून कन्व्हर्टर, केबल, स्प्लिटर असं करत करत जे पैसे गेले, त्याची सुरुवात ह्याच वाक्यापासून झाली होती.

गोष्ट २०२१ मधली, डोंबिवलीतली. दुकानाचं नाव देत नाही. तोच माल आजही वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळतो, त्यामुळे एक नाव कळून कुणी वाचेल असं नाही. माल ओळखता आला पाहिजे.

माझं काम टॅक्सचं. एका स्क्रीनवर जीएसटीचं पोर्टल, दुसऱ्यावर टॅली, तिसऱ्यावर पार्टीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली वाकडीतिकडी बिलं, अशी मांडणी हवी होती. महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तिसरा मॉनिटर ही चैन नसते. मॉनिटर घरात होतेच: दोन एचडीएमआयवाले आणि एक जुना एकोणीस इंची, ज्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं पोर्ट. संगणक असेंबल केलेला, प्रोसेसर आय५-९४००एफ. इंटेलच्या नावाशेवटी हा 'एफ' असला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक दिसतं, पण त्यातून काही येत नाही. आधीचं छोटं कार्ड बंद पडलं होतं, त्यामुळे नवीन घेणं भाग होतं.

आणि तो काळ आठवा. क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचललेली, चिपचा तुटवडा, साध्या कार्डाचा भाव ऐकून माणूस परत फिरायचा. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने तर २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय पुन्हा बाजारात आणलं होतं. ही बातमी खरी होती, आणि दुकानदाराने नेमकी तीच वापरली. "कंपनीने परत काढलंय साहेब, नवा लॉट आहे, म्हणून स्वस्त." इतर दुकानांत पंधरा हजारांच्या पुढे सांगत होते, हा ७,२०० म्हणाला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की मला गेम खेळायचे नाहीत, तीन मॉनिटर चालवायचेत आणि तिन्हींवर वेगवेगळं दिसलं पाहिजे. त्याने कार्ड उलटं धरून मागची पट्टी दाखवली. "हे बघा, व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय. तीन पोर्ट, तीन मॉनिटर. तुमचा जुना मॉनिटर तर डायरेक्ट लागेल, कन्व्हर्टरचा खर्चसुद्धा वाचला." डीव्हीआयला एचडीएमआय मॉनिटर लावायला अडीचशेचा अॅडॉप्टर दिला. बिल कच्चं, वहीच्या पानावर. "पक्कं पाहिजे तर अठरा टक्के वरती."

घरी लावलं. त्याने दिलेल्या सीडीतला ड्रायव्हर टाकला. विंडोजमध्ये नाव झळकलं, जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. दोन मॉनिटर लागले. तिसऱ्यावर अंधार. सेटिंगमध्ये तीन चौकोन दिसतात, म्हणजे मॉनिटर ओळखले जातात, पण तिसरा चालू करायला गेलं की सेटिंग सेव्ह होत नाही. ह्यातला कुठलाही एक बंद केला की राहिलेले दोन मजेत चालतात. कोणतेही दोन! ही खूण लक्षात ठेवा. अॅडॉप्टर किंवा केबल खराब असती तर ठरावीक एकच मॉनिटर रुसला असता. इथे रुसणारा दर वेळी बदलत होता.

फोन केला. तो म्हणाला अॅडॉप्टर लोकल असेल, चांगल्यातला घेऊन जा. घेतला. मग म्हणाला केबल. मग म्हणाला तिसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा, म्हणजे 'एफ'चा अर्थ त्याला माहीत नव्हता किंवा मला माहीत नसेल अशी आशा होती. शेवटी त्याने माणूस पाठवला. कोवळा मुलगा, सोबत एचडीएमआयचा स्प्लिटर: एक केबल आत, दोन बाहेर, छोटा निळा दिवा. जोडला, आणि तिन्ही मॉनिटर उजळले. मुलगा म्हणाला, "झालं काका, तिन्ही लागले." चौदाशे रुपये.

मी टॅलीची खिडकी मधल्या स्क्रीनवर सरकवली. ती डाव्या स्क्रीनवरही सरकली. माउसचे बाणसुद्धा दोन, शेजारी शेजारी, एकाच चालीने. स्प्लिटर म्हणजे नक्कल करणारी डबी. शोरूममध्ये एकच जाहिरात चार टीव्हींवर दाखवायला ती उत्तम, पण संगणकाच्या लेखी तिच्यापुढचे सगळे पडदे मिळून एकच असतात. मुलाला विचारलं, "अरे, हे दोन्हींवर सारखंच दिसतंय." तो मालकाला फोन लावत जिन्यात गेला, तो परत आलाच नाही. पैसे मात्र यूपीआयने मी आधीच पाठवले होते.

पुढचं माझ्या भाच्याने शोधलं. तो पुण्यात इंजिनिअरिंगला, सुट्टीला आलेला. "मामा, ह्याला व्हीजीए कसं काय?" हा त्याचा पहिला प्रश्न. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही, आता सांगतो, कारण हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि तिला संगणकही चालू करावा लागत नाही. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. त्यामुळे खऱ्या १०५० टीआयवर व्हीजीए पोर्ट नसतं आणि डीव्हीआय असलंच तर डीव्हीआय-डी, म्हणजे निव्वळ डिजिटल. पट्टीवर निळं व्हीजीए दिसलं की कार्ड दुसरंच काहीतरी आहे. ज्या पोर्टाकडे बोट दाखवून त्याने मला माल खपवला, तेच पोर्ट चोरी सांगत होतं.

मग भाच्याने एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला. तो बसेना, ह्या ड्रायव्हरला चालेल असं हार्डवेअर सापडत नाही म्हणाला. त्यानंतर जीपीयू-झेड नावाचं छोटं प्रोग्रॅम चालवलं. टेकपॉवरअपचं आहे, फुकट आहे, आकाराने लहान. २०१८ पासून त्यात बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखायची सोय आहे. नावाच्या रकान्यात १०५० टीआयच्या आधी चौकटी कंसात 'फेक' आणि कंपनीच्या चिन्हाच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण. खालचे आकडे आणखी बोलके. चिप जीएफ११६. तंत्रज्ञान ४० नॅनोमीटर. शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे छोटे कोर, १९२. खऱ्या कार्डात असते जीपी१०७, १४ नॅनोमीटर, ७६८. म्हणजे हे २०११ मधलं जीटीएक्स ५५० टीआय. त्याचा बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून नाव आणि मेमरी खोटी सांगायला शिकवलेलं, वर नवा पंखा, नवा स्टिकर. म्हणूनच ती सीडी: तिच्यातला ड्रायव्हर जुन्या चिपला चालणारा, फक्त नाव नवीन दाखवणारा. आणि म्हणूनच त्याला सहा पिनांची वेगळी पॉवर केबल लागत होती आणि पंखा दिवसभर घोंगावत होता. ५५० टीआय ११६ वॉटचं, १०५० टीआय ७५ वॉटचं. खऱ्याची बरीच मॉडेलं वेगळ्या केबलशिवाय चालतात. (काही खऱ्या मॉडेलांनाही ती केबल असते, त्यामुळे निव्वळ केबलवरून दोषी ठरवू नका.)

तिसऱ्या मॉनिटरचं कोडं इथेच सुटलं. ५५० टीआय फर्मी पिढीचं. फर्मीच्या चिपला एका वेळी दोनच वेगळी चित्रं काढता येतात, मागे भोकं तीन असोत की चार. एका वेळी किती स्क्रीन चालणार ते चिप ठरवते. पोर्ट हे नुसते दरवाजे आहेत, आणि अॅडॉप्टर तर दरवाजाचं माप बदलणारी वस्तू. मला मात्र प्रत्येक वेळी दरवाजाच बदलून दिला जात होता आणि त्याचे पैसे वेगळे घेतले जात होते. गेमवाला ग्राहक असता तर गेम हँग होताच त्याने बोंब मारली असती. माझ्यासारखा ऑफिसवाला दोन स्क्रीनवर वर्षानुवर्षं काम करत राहिला असता आणि त्याला पत्ताही लागला नसता. असा माल आमच्यासारख्यांना का देतात, त्याचं उत्तर बहुधा हेच.

बनावट नसलेल्या कार्डांतही ही गंमत आहे, आणि तिथे कुणाला चोर म्हणता येत नाही. जीटी ७३० हे एकच नाव, पण त्याखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. ९६ कोरचं निघालं तर ते जुनं फर्मी, दोनच स्क्रीन. ३८४ कोरचं निघालं तर त्यानंतरच्या केप्लर पिढीचं, तीन चालतात. दुकानात दोन्ही "जीटी ७३०, चार जीबी" म्हणूनच मिळतात. जीटी १०३० चं तसंच: जीडीडीआर५ मेमरीचं आणि डीडीआर४ चं, नाव तेच, वेगात मोठा फरक, आणि पोर्ट दोन्हींना दोनच. मेमरीच्या जीबीवर कार्ड निवडायची आपली सवय दुकानदारांना फार आवडते.

अॅडॉप्टरची फसवणूक रकमेने लहान असते म्हणून आपण भांडत नाही. डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखंच दुसरं डिजिटल पोर्ट) ते एचडीएमआय केबल साधारणपणे एकाच दिशेने चालते: कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं, म्हणजे कार्डाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, करायचं तर आत चिप असलेला आणि सहसा यूएसबीवरून पॉवर घेणारा कन्व्हर्टरच लागतो. मला ह्याच दुकानदाराने "दोन्ही बाजूंनी चालते" म्हणून एक केबल पुढे केली होती, ती तेवढी घेतली नाही. डीव्हीआयवरून व्हीजीए काढणारं साधं, चिप नसलेलं कनेक्टर फक्त डीव्हीआय-आयला चालतं. त्या पोर्टात आडव्या फटीभोवती चार जादा भोकं असतात, अॅनालॉगसाठी. ती नसतील तर शंभर रुपयांचं कनेक्टर म्हणजे शंभर रुपये पाण्यात. पाकिटावर 'फोर-के' लिहिलेलं असेल तर किती हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, ते विचारा. एचडीएमआय १.४ च्या मालातून फोर-के ३० हर्ट्झलाच येतं आणि माउस ओढताना अडखळतो. ६० साठी २.० पाहिजे.

मी शेवटी वापरलेलं पण चांगल्या ठिकाणचं क्वाड्रो पी४०० हे कार्ड घेतलं. खेळाला निरुपयोगी, ऑफिसला झकास: ३० वॉट, तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, तिन्हींवर तीन वेगळे पडदे. चार हवे असतील तर त्याचा मोठा भाऊ पी६२०. मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय दोन आणि जुन्या मॉनिटरसाठी व्हीजीएचा चिपवाला एक, एवढे कन्व्हर्टर लागले. दुकानातच संगणकाला लावून, जीपीयू-झेड उघडून, मगच पैसे. बिल पक्कं, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर. "एका वेळी तीन स्वतंत्र डिस्प्ले" हे शब्दही बिलावर लिहून घेतले. विक्रेता हसला, पण त्याने लिहिलं. ज्याचा माल खरा आहे त्याला लिहायला काय जातंय? आणि नवीन कार्ड घेत असाल तर खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं लेबल बघा. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर ते कायद्याने लागतं. माझ्या त्या चंदेरी खोक्यावर असलं काहीच नव्हतं, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं नावसुद्धा नाही.

आता पैशाचं. कच्च्या बिलावर काही होत नाही असं मला चारचौघांनी सांगितलं. तसं नाही. यूपीआयची नोंद होती आणि व्हॉट्सअॅपवर त्याचाच मेसेज होता, "१०५० टीआय ओरिजिनल, ३ मॉनिटर सपोर्ट". त्याला जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट जोडला आणि नोटीस लिहिली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आता १९१५. मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. नोटिशीचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर, इतके दिवस "माल वरूनच असा आला" म्हणणारा माणूस संध्याकाळी "या साहेब, बसून मिटवू" म्हणाला.

कार्डाचे पैसे परत द्यायला तयार झाला. अॅडॉप्टर, केबल, स्प्लिटरचे नाही, "ते तर चालू आहेत ना." अट एकच: कार्ड खोक्यासकट, सीडीसकट परत पाहिजे. मी आदल्या रात्रीच पंखा काढून कार्डाच्या हिरव्या पाटीवर आणि मागच्या पट्टीवर, पुसता येणार नाही अशा मार्करने ठळक लिहून ठेवलं होतं: ५५० टीआय, २०११, दोनच मॉनिटर. त्याने खोकं उघडलं, पट्टी बघितली आणि चिडून म्हणाला, "आता हे मी कुणाला विकू?" मग मोजलेल्या नोटांमधून पाचशेची एक परत गल्ल्यात टाकली, 'डॅमेज' म्हणून. ६,७०० घेऊन मी उतरलो.