कोण जोडलेलं आहे? क्लस्टरमधल्या कनेक्शनची नोंद ठेवायच्या चार पद्धती

सर्व्हर एकच असतो तोवर "आत्ता किती जण जोडलेले आहेत?" याचं उत्तर त्याच्या मेमरीतच असतं. लोड बॅलन्सरमागे (म्हणजे येणारी कनेक्शन वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दुसरा सर्व्हर उभा राहिला, म्हणजेच क्लस्टर झाला, की दोघांकडेही अर्धीच यादी उरते. मग चार वाटा दिसतात: नेहमीचा डेटाबेस, रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा, सगळ्या सर्व्हरना सामायिक साठा), गरज पडेल तेव्हा सगळ्या सर्व्हरना विचारणं, आणि एलिक्सिर भाषेतल्या फिनिक्स या फ्रेमवर्कसारखी मध्यवर्ती साठा नसलेली यादी.

निवडताना बहुतेक जण वेग बघतात. मी आधी विचारतो, की सर्व्हर अचानक मेला तर त्याच्या नोंदी कोण पुसणार? जोडणीची नोंद करणं कुठेही सोपं असतं. तुटल्याची नोंद ज्यानं करायची, तोच तेव्हा जिवंत नसतो.

हे मला एका काउंटरनं शिकवलं. रेडिसमध्ये एक आकडा ठेवला होता, कोणी जोडलं गेलं की एक वाढवायचा, तुटलं की एक कमी करायचा. एके दिवशी एका सर्व्हरची मेमरी संपली आणि लिनक्सनं प्रोसेस मारून टाकली. डिस्कनेक्टचा कोड चाललाच नाही. तिथले लोक दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा जोडले गेले आणि दोनदा मोजले गेले. नंतर सगळे निघून गेले तरी आकडा शून्यावर येईना, आणि जास्तीचे कोण हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नव्हता. तेव्हापासून मी नोंदींची यादी ठेवतो आणि मोजणी तिच्यावरून करतो. नोंदही कनेक्शनच्या नावानं, माणसाच्या नाही. नाहीतर दोन टॅबपैकी एक बंद केला की माणूस गेल्यासारखा दिसतो.

मोबाइलचं नेटवर्क गेलं तर सर्व्हरला लगेच काही कळत नाही, ही अडचण चारही पद्धतींत आहे. टीसीपी कीप-अलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का, हे ऑपरेटिंग सिस्टिमनं तपासणं) चालू केलं तरी लिनक्सवर त्याची मूळ मुदत २ तासांची असते. वेबसॉकेटच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या कनेक्शनच्या) २०११च्या मानकात पिंग-पाँग आहे, म्हणजे एकानं हाक द्यायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची, ते वापरायलाच हवं. सॉकेट.आयओ या लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीत मूळ सेटिंगनुसार दर २५ सेकंदांनी पिंग जातो आणि उत्तराची २० सेकंद वाट पाहिली जाते. म्हणजे गेलेला माणूस पाऊण मिनिटापर्यंत हजर दिसू शकतो.

डेटाबेस तेव्हा घ्यावा, जेव्हा कनेक्शन थोडी आहेत किंवा कोण कधी आलं-गेलं याचा इतिहास हवा आहे. प्रत्येकाचा हार्टबीट (ठरावीक वेळानं येणारा 'मी जिवंत आहे' असा निरोप) मात्र त्यात लिहू नये. २०,००० क्लायंट आणि दर ३० सेकंदांनी एक हार्टबीट, म्हणजे सेकंदाला साडेसहाशेच्या वर अपडेट. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत तयार होते, आणि जुन्या प्रती साफ करण्याचं काम मागे लागतं.

बहुतेकांना मी रेडिसच सुचवेन. पण प्रत्येक कनेक्शनला मुदतीची वेगळी की (रेडिसमधली नावानं ठेवलेली नोंद) देऊन ती संपल्याच्या सूचनेवर विसंबू नका. ती सूचना मुदत संपताक्षणी येत नाही, रेडिस ती की प्रत्यक्ष काढतो तेव्हा येते. आणि त्या वेळी कोणी ऐकत नसेल तर ती हरवते. त्यापेक्षा मुदत सर्व्हरला द्या. प्रत्येक सर्व्हर आपल्या कनेक्शनचा एक सेट ठेवतो आणि स्वतःची एकच की दर १० सेकंदांनी ३० सेकंदांसाठी वाढवतो. ती की दिसेनाशी झाली की दुसरा कोणताही सर्व्हर तो सेट पुसतो. रेडिसवर हार्टबीट आता क्लायंटइतके नाहीत, सर्व्हरइतकेच. मेलेले क्लायंट ज्याचे त्यानं पिंगवरून ओळखायचे. सर्व्हरला प्रत्येक सुरुवातीला नवी ओळख द्या. जुनीच ठेवली तर तो परत येऊन मेलेल्या नोंदींचीच मुदत वाढवत बसतो. रेडिस रिकामा होऊन परत आला तर सर्व्हरनं मेमरीतून यादी पुन्हा भरायची, तो कोडही आधीच लिहून ठेवा.

सिग्नलआर ही मायक्रोसॉफ्टची अशीच लायब्ररी वापरणाऱ्यांचा इथे एक गैरसमज होतो. तिचा रेडिस बॅकप्लेन (सर्व्हरना रेडिसमार्फत जोडणारा भाग) निरोप पोचवतो, तुमच्यासाठी यादी ठेवत नाही. ती वेगळी ठेवावी लागते.

सगळ्यांना विचारण्याच्या पद्धतीत मेलेल्या सर्व्हरच्या नोंदी मागे राहतच नाहीत, कारण जो तो स्वतःच्या मेमरीतून उत्तर देतो. सॉकेट.आयओमध्ये 'फेच-सॉकेट्स' हेच करतं. पण एखादा सर्व्हर गप्प बसला तर सगळे खोळंबतात. सॉकेट.आयओच्या रेडिस अ‍ॅडॅप्टरमध्ये (सर्व्हरना रेडिसमार्फत जोडणाऱ्या भागात) वाट पाहण्याची मूळ मर्यादा ५ सेकंदांची आहे. अ‍ॅडमिनच्या पानाला ठीक, प्रत्येक मेसेजमागे नको.

तुमचं काम आधीच एलिक्सिरमध्ये असेल तर फिनिक्स प्रेझेन्स (फिनिक्समधली हजेरीची सोय) सोडून दुसरीकडे बघू नका. २०१६पासून ते आहे. प्रत्येक नोडकडे (क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरकडे) पूर्ण यादी असते, नोड गप्प झाला की बाकीचे त्याच्या नोंदी वगळतात, आणि नेटवर्क दुभंगून पुन्हा जुळलं की याद्या आपोआप एक होतात. बदल्यात प्रत्येक नोडला सगळ्यांचं ओझं वाहावं लागतं. केवळ यासाठी भाषा बदलणं मात्र मला पटत नाही.

काहीही निवडा, चाचणीच्या क्लस्टरवर एक प्रोसेस सक्तीनं मारा आणि घड्याळ लावून बघा, आकडा खरा व्हायला किती वेळ लागतो.