सोनं, पॅलेडियम का तांबं? एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी काय घ्यायचं

बडोद्यात एमएस्सीला असलेल्या आमच्या दोन ज्युनियरनी एकाच आठवड्यात हेच विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. काम असं की बेंझिल अल्कोहोलपासून बेंझाल्डिहाइड करायचंय आणि त्यासाठी कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून कुठला धातू घ्यायचा ते ठरवायचंय, जुन्या पद्धतीतलं क्रोमियम नको कारण त्याचा गाळ विषारी, हवेतला ऑक्सिजन वापरला तर सोबत फक्त पाणीच निघतं.

पॅलेडियम फास्ट आहे, बहुतेक लॅबमध्ये कार्बनवरचं पडलेलंच असतं, पण दोन रेणू अल्कोहोलचे आपसातच भांडतात आणि एक अल्डिहाइड तर दुसरा टोल्युइन होऊन बसतो, मग जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) टोल्युइनचा नको असलेला पीक बघत बसा. सोनं त्या मानाने शहाणं, टोल्युइन कमी, मात्र पाण्यात केलं तर बहुधा अल्कली टाकावी लागते आणि मग आपलं अल्डिहाइड पुढे बेंझोइक ॲसिडपर्यंत घसरतं. कण 2 ते 5 नॅनोमीटरचे हवेत, मोठे झाले की संपलं. 1987 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ हारुता यांनी ऑक्साइडवरच्या अशाच बारीक सोन्याने कार्बन मोनॉक्साइड शून्य अंशाच्या खूप खाली जाळून दाखवला, तोवर सोनं म्हणजे आळशी धातू असाच समज होता. सोन्याच्या मिठातून (ज्या क्लोराइडपासून कण बनवतो त्यातून) आलेलं क्लोराइड नीट धुवा, नाहीतर भट्टीत कण एकमेकांना चिकटतात. आणि हे सोन्याचं मीठ स्टीलच्या चमच्याने काढू नका हां, चमच्यावरच सोनं बसतं, मी हे महाग शिकलोय.

तांबं स्वस्त, हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर चालतंही, पण धातू विरघळून द्रावणात जातो आणि खरं काम तोच करत असतो. तपासायला सोपं आहे, रिॲक्शन अर्ध्यावर असताना गरमच गाळा, गाळलेल्या पाण्यातलं थोडं वेगळं काढून त्यात अमोनिया टाका, गडद निळं झालं तर तुमचा कॅटॅलिस्ट गळतोय. उरलेलं गाळलेलं द्रावण पुढे चालवून बघा, अल्कोहोल कमी होतच राहिला तर नॅनोपार्टिकलचं नाव घेऊच नका. कॅटॅलिस्टशिवायचा ब्लँकही (तुलनेसाठीचा प्रयोग) लावा, बेंझाल्डिहाइड तर नुसत्या हवेनेही ॲसिड होतं, जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसतात ना, तेच.

मला विचाराल तर टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडवर) सोनं-पॅलेडियम मिसळून घ्या, 2006 मध्ये कार्डिफच्या हचिंग्ज ग्रूपने सॉल्व्हंटशिवाय हेच दाखवलं होतं. सोन्याचे पैसे मिळतच नसतील तर तांबं घ्या, पण मग पहिला महिना त्या गळतीलाच द्यायची तयारी ठेवा, आणि तोच कॅटॅलिस्ट तिसऱ्यांदा वापरल्यावर किती चालतो याचा आकडा काढल्याशिवाय गाइडकडे जाऊ नका, पहिला प्रश्न तोच येतो.